बॉनेटवरचा उजवा कान

सासऱ्यांनी शेवटी त्या गाडीची फक्त मागची सीट विकत घेतली. गाडी नाही, सीट. तीही बेल्टांसकट. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसतात आणि हाती नुसती सीट लागली की चिडतात. आता सांगून झालं, तेव्हा हे कुणी ऐकलंच नाही असं धरून चालू. सीट अजून गाडीत आहे, गाडी विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये आहे, सासरे तिकडे आपल्या घरी दाढी करताहेत, आणि जावई इकडे आपल्या अंथरुणात डाव्या कुशीवर पडून गजराच्या घड्याळाकडे बघतो आहे.

घड्याळ थरथरत होतं. वाजताना ते नेहमी टेबलाच्या कडेकडे सरकायचं, तसं आताही सरकत होतं, काट्यांमागचा दिवा लागत होता, विझत होता. आवाज मात्र नव्हता. बिचाऱ्याची घंटा गेली, त्याला वाटलं. तोंड उघडून ओरडणाऱ्या पण आवाज बसलेल्या माणसाकडे बघावं तसा तो त्याच्याकडे कणवेनं बघत राहिला. मग ते खाली पडू नये म्हणून हात लांब करायला तो वळला, आणि खोली घंटेनं फुटली. दचकून तो परत डाव्या कुशीवर पडला. शांत. उताणा झाला. घंटा. डावी कूस, शांत. दिव्याचं बटण बिघडलंय की दिवा, हे बघायला माणूस बटण खालीवर करतो, तसं तो बराच वेळ करत राहिला; फरक इतकाच की इथं बटण तो स्वतःच होता. "अरे बंद कर ते, मेलेला माणूस उठेल!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. हे त्यानं उताणं असताना ऐकलं. म्हणजे घड्याळ उत्तम होतं, बायको उत्तम होती, उशीत रुतलेला डावा कानही उत्तम होता. उरला तो उजवा. तो केव्हा गेला याचा त्यानं विचार केला. दात दुखतो, केस गळताना उशीवर दिसतात, कान मात्र जाताना सांगून जात नाही; आणि सांगायचं म्हटलं तरी कोणाच्या कानात सांगणार.

तो दात बनवायचा. स्वतःचे नव्हे, लोकांचे. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत गावातल्या अर्ध्या लोकांचे जबडे प्लास्टरमध्ये फळीवर मांडलेले असायचे, आणि त्यांच्या मधोमध बसून तो उजव्या हातातल्या बारीक चक्रानं दात घासायचा. चक्र किंचाळायचं. चांगलं काम करायचं तर डोकं तिरकं करून, चक्राजवळ नेऊन बघावं लागतं, आणि त्याला चांगलं काम करायची खोड होती. दंतवैद्यानं कानात घालायला रबरी बोळे दिले होते; ते टेबलाच्या पायांखाली छान बसले, टेबल हलायचं थांबलं. इतकी वर्षं ते किंचाळणं घरी येताना त्याच्याबरोबर यायचं, जेवताना शेजारी बसायचं. अलीकडे ते येत नव्हतं. वय झालं की माणूस शांत होतो म्हणतात, तेच असावं असं समजून तो थोडासा खूषही होता.

दुसऱ्या कुणाचा कान गेला असता तर ती त्याची आणि डॉक्टरची खासगी बाब असती. पण हा कान खासगी नव्हता. तो बायकोच्या माहेरच्या मालकीचा होता. लग्न नवं असताना एकदा मेहुण्याची गाडी रस्त्यात घरघरून उभी राहिली होती. सगळं घर आजारी माणसाच्या खाटेभोवती जमतं तसं गाडीभोवती जमलं, आणि नव्या जावयाच्या चपलेचा अंगठा त्याच क्षणी तुटला. तो वाकला, तोल गेला, सावरायला म्हणून त्यानं डोकं बॉनेटला टेकलं, आणि सासऱ्यांनी नेमकं तेव्हाच विचारलं, "काय वाटतं जावईबापू?" बॉनेटवरून आडवी दिसणारी समोरच्या दुकानाची पाटी होती: पाण्याचे पंप, सर्व प्रकारचे. नव्या जावयाला 'माहीत नाही' म्हणणं शोभत नाही. "पाण्याचा पंप," तो म्हणाला. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं. पाण्याचा पंप होता.

त्या दिवसापासून त्या घरात चाक, पट्टा किंवा मोटार असलेली कुठलीही वस्तू कान लावल्याशिवाय आली नाही. कपडे धुण्याचं यंत्र, मिक्सर, दोन फ्रिज, शिवणयंत्र. एकदा शेजाऱ्यांचा गुडघा. पद्धत ठरून गेली होती: उजवा कान यंत्राला टेकायचा, डाव्या कानात बोट घालायचं, म्हणजे बाहेरचं काही मिसळायला नको, आणि डोळे मिटायचे. मग उठून म्हणायचं, "चालेल, पण जपून." या सल्ल्याला आजवर एकाही यंत्रानं खोटं पाडलं नव्हतं. जे चाललं ते त्यानं सांगितलं म्हणून चाललं, आणि जे बंद पडलं ते कुणीतरी जपलं नाही म्हणून. त्याला यंत्रातलं काही कळत नव्हतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण तो कान टेकायचा तेव्हा सासरे रेडिओ बंद करायचे, मेहुणा फोनवर बोलत असला तर "थांब, नंतर करतो" म्हणायचा, सासूबाई स्वयंपाकघरातली भांडी हळू ठेवायच्या. जगात दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी त्याच्याकरता कुणी कधी रेडिओ बंद केला नव्हता. दात बनवणारा माणूस पंगतीत कुठं बसला हे कुणाच्या लक्षात राहत नाही. या घरात त्याला जी काय जागा होती ती एका कानाएवढी होती, आणि आज सकाळी त्या जागेवर कुणीच नव्हतं.

आणि आजच ती गाडी बघायची होती. सासूबाईंची कंबर. ऑपरेशनानंतर एका ओळखीच्या माणसानं त्यांना दवाखान्यातून आपल्या लांबलचक गाडीतून घरी सोडलं, आणि कित्येक महिने धड न झोपलेल्या सासूबाई मागच्या सीटवर घोरल्या. सासऱ्यांनी, जे आयुष्यभर वजनमापं तपासायच्या खात्यात होते आणि दुकानदाराच्या मापावर तर सोडाच, स्वतःच्या घरातल्या चमच्यावरही ज्यांचा विश्वास नव्हता, त्यांनी ते घोरणं सबंध रस्ताभर ऐकलं आणि ठरवून टाकलं. नवी तसली गाडी त्यांच्या सात पिढ्यांच्या आवाक्यात नव्हती. जुनी, खूप पळालेली, एकच होती, आणि तिच्यात त्यांची सगळी शिल्लक जाणार होती. जावयानं आठवडाभर वाचून काढलं होतं की असली गाडी घेण्याआधी काय बघतात. इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं, कारण गरम इंजिन नवऱ्यामुलासारखं वागतं, अंगातलं काही बाहेर पडू देत नाही. तेलाच्या टोपणाची आतली बाजू बघायची. गाडी चारी पायांवर सारखी उभी आहे का बघायचं. प्रत्येक बटण दाबायचं, कारण अशा गाडीत सगळ्यात महाग ते मोडतं जे दिसत नाही. मुख्य म्हणजे किंमत वयाबरोबर उतरते, दुरुस्ती उतरत नाही. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून तो उंदराचं खात नाही. हे सगळं त्याला पाठ होतं. पण कुणी त्याला हे विचारणार नव्हतं.

गॅरेज एका इमारतीच्या पोटात होतं. सासरे, सासूबाई, मेहुणा, बायको, सगळेच आले होते. गाडी काळी, लांब, आणि अशी चकचकीत की सासऱ्यांनी आधी तिच्यात बघून केस सारखे केले. विकणारा घरातल्या स्लिपरांवरच खाली आला होता. एके काळी त्याचं हॉटेल होतं, आता गाडी होती, आणि उद्यापासून बहुधा स्लिपरा. "एकहाती आहे," तो म्हणाला. "माझ्याशिवाय कुणी चालवलेली नाही. तीन लाख किलोमीटरला टेकली, पण वाटतं का?"

"चंद्र किती लांब असतो हो बाबा?" मेहुण्यानं विचारलं.

"चार लाखांच्या आतबाहेर."

"मग जायचं तर होत आलंय. परतीचं काय करायचं?"

"तू गप्प बस," सासरे म्हणाले. "जावईबापूंना बघू दे."

त्यानं बॉनेटवर हात ठेवला. कोमट होतं. "आधी सुरू केली होती का?"

"पाहुणे यायचे म्हणून जरा एक चक्कर मारून आणली," विकणारा स्लिपरांना म्हणाला.

"थंड होऊ दे."

सासऱ्यांनी मेहुण्याकडे बघितलं, बघ, असं. सासूबाईंना उभं राहवेना, म्हणून त्या मागचं दार उघडून आत बसल्या, बसल्या म्हणजे बुडाल्या, आणि बघता बघता त्यांचे डोळे मिटले. सासरे काचेतून त्यांच्याकडे बघत राहिले. त्या चेहऱ्यावर गाडी विकत घेऊन झालेली होती, फक्त कानाची सही बाकी होती. वाट बघण्यात जावई गाडीभोवती फिरला. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर एका बाजूनं घासून गुळगुळीत झालं होतं, तेवढं तरी प्रामाणिक होतं. मागचा डावा कोपरा किंचित खचलेला होता, सासूबाई उभ्या राहतात तसा. तेलाच्या टोपणाच्या आत दुधाळ चॉकलेटी फेस होता. तेलात पाणी शिरलं की असा होतो, असं त्यानं वाचलं होतं. पुढच्या पत्र्यावरून त्याची बोटं सवयीनं फिरली आणि एका कडेशी थांबली. कड जरा जास्तच गोल होती, रंगाखाली काहीतरी भरलेलं होतं. हा दात मूळचा नाही, बोटं म्हणाली. त्याला ते सांगावंसं वाटलं, अगदी ओठांपर्यंत आलं. पण बोटांना या घरात कुणी ओळखत नव्हतं. बोट असं म्हणतं असं सांगितलं असतं तर सासऱ्यांनी विचारलं असतं, आणि कान काय म्हणतो? बोटं चुकूही शकतात. वाचलेलं तर नेहमीच चुकतं. कान मात्र कधीच चुकला नव्हता.

"थंड झाली," मेहुणा म्हणाला.

"आता कान," सासरे म्हणाले, आणि विकणाऱ्यानं, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं तरी, कोपऱ्यातला पंखा बंद केला.

डावा लावावा का? कुणाच्या लक्षात आलं नसतं. गाडीपाशी उभं राहून तो विचार करत होता आणि बाकीचे आदरानं थांबले होते. पण डाव्याला कान लावायचा अनुभव नव्हता. हे मनात आल्याबरोबर त्याला स्वतःचंच नवल वाटलं, कारण अनुभव उजव्यालाही नव्हता. उजव्याला धडधाकट असतानाही पंप आणि पट्टा यांतला फरक कळला नव्हता. मग गेलं काय? जे कधी नव्हतंच ते गेलं, तर सकाळपासून तो हळहळत कशासाठी होता? त्याला वाटलं, चालू कानानं खोटं बोलणं वेगळं. त्यात निदान कानाला काहीतरी ऐकू यायचं, एक गुणगुण, एक घरघर, आणि तो डोळे मिटून त्या गुणगुणीत शिरायचा. अर्थ कळायचा नाही, पण यंत्राशी दोन क्षण बसून आल्यासारखं वाटायचं. म्हणजे परक्या भाषेतल्या माणसाची समजूत काढावी तसं. आता तेही नाही. आता तो नुसताच पत्र्यावर डोकं ठेवणार. तरी तो वाकला, कारण इतकी माणसं थांबलेली असताना न वाकणं त्याला कधी जमलं नव्हतं. उजवा कान टेकवला, डाव्यात बोट घातलं. डोळे तेवढे आज मिटवेनात.

विकणाऱ्यानं किल्ली फिरवली असावी, कारण गालाचं हाड थरथरलं. बाकी काही नाही. जगात काहीही नव्हतं. त्या निवांतपणात सगळे आडवे दिसत होते, भिंतीवर उभे राहिल्यासारखे, आणि प्रत्येकाला काहीतरी होत होतं. मेहुण्याचे खांदे कानांपर्यंत गेले. सासऱ्यांचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक, मग ते आशेनं जावयाकडे वळले. विकणारा आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होता. एवढे चेहरे वाकडे व्हायचे म्हणजे आवाज केवढा असेल, फळीवरचे सगळे जबडे एकदम खाली कोसळावेत तेवढा असेल. फक्त बायको गाडीकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात गाडीचा काही संबंध नव्हता. मग त्याच्या ध्यानात आलं की हल्ली रस्त्यानं जाताना ती कायम त्याच्या डावीकडून चालते. मध्ये एकदा खिडकीचा वारा लागतो म्हणून तिनं पलंगाची बाजू बदलून घेतली होती. खिडकी तेव्हा बंद होती. जेवायच्या टेबलावर, बसमध्ये, बँकेच्या बाकावर, सगळीकडे डावीकडे. त्याला वाटलं होतं बायकांना सवयी असतात. तिला त्याच्याआधी कळलं होतं. त्याच्या डोक्यातली एक खोली बंद पडली तर तिनं काही न बोलता आपलं सामान दुसऱ्या खोलीत हलवलं होतं, आणि त्याला भाडेकरूनं खोली बदलल्याचा पत्ताही नव्हता.

हाडाची थरथर थांबली. तो उठला.

"काय म्हणतो कान?" सासऱ्यांनी विचारलं.

"शांत आहे," तो म्हणाला. हे अक्षरशः खरं होतं.

सासऱ्यांनी श्वास सोडला. "मलाही तसंच वाटलं."

"मला जरा खडखड आल्यासारखी वाटली," मेहुणा म्हणाला, "पण ते वरच्या मजल्यावरचं असेल. काम चालू असेल कुणाचं."

"वर रिकामंच आहे," विकणारा चुकून म्हणाला.

"मग शेजारी असेल," मेहुण्यानं त्याला समजावलं. सासरे खिशातल्या चेकबुकाला हात लावून उभे होते. ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्याच्या तागडीवर विश्वास ठेवला नाही, तो स्वतःच्या दोन चांगल्या कानांनी ऐकलेलं जावयाच्या एका मेलेल्या कानासाठी खोडून टाकत होता, तेही आनंदानं. हे मात्र त्याला बघवेना. इतका विश्वास अंगावर पडला की माणूस दबून मरतो. त्याला पळून जावंसं वाटलं. मग दिसलं की आत सासूबाई झोपल्यात, ओठ किंचित उघडे, आणि ही गाडी महिन्याभरात कुठल्यातरी चौकात बंद पडेल आणि त्यांना त्या कंबरेनिशी उतरून रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागेल.

"बाबा, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "या कानानं. काहीच."

"आज?"

"नाही. बरेच दिवस. कळलं आज."

विकणाऱ्यानं पंखा परत लावावा की नाही या विचारात बटणावर नुसतं बोट ठेवलं. जावयाला वाटलं, आता सगळे आपल्याकडे बघतील आणि तिथं एक दात बनवणारा दिसेल. सासऱ्यांनी खरंच बघितलं, बराच वेळ, वजनाचा शिक्का झिजलाय का बघतात तसं. मग ते विकणाऱ्याकडे वळले. "पुन्हा सुरू करा." आणि चष्मा काढून खिशात ठेवून, एवढा मोठा माणूस, बॉनेटवर वाकला, उजवा कान टेकला, डाव्यात बोट घातलं. मेहुणा जरा लाजला, मग तोही पुढच्या पत्र्याशी वाकला. बायकोनं छताला कान लावला. किल्ली फिरवून विकणारा बाहेर आला, आपण एकटेच सरळ उभे आहोत हे बघून त्याला बरं वाटेना, म्हणून त्यानंही मागच्या डिकीला कान लावला. आता जावयाला डाव्या कानानं ते स्वच्छ ऐकू येत होतं. भयंकर होतं.

"खडखडतंय," सासरे बॉनेटला म्हणाले.

"मगाशी पण खडखडत होतं, बाबा," मेहुणा पत्र्याला म्हणाला.

"हो, मलाही आलं होतं ऐकू."

"माझ्याकडे तर सहा महिने असंच आहे," विकणारा डिकीला म्हणाला, आणि त्याचा आवाज सुटका झाल्यासारखा होता.

एवढ्या गदारोळात सासूबाई जाग्या झाल्या नाहीत. उठवल्यावर त्यांनी एकच सांगितलं: गाडी घ्या नाहीतर घेऊ नका, मी इथून उठत नाही. त्यावर सासरे आणि विकणारा दोघं बाजूला जाऊन बोलले, आणि पुढे काय झालं ते कुणी ऐकलेलं नाही असं आपलं आधीच ठरलं आहे.

परतताना बसमध्ये बायको डावीकडे बसली. "तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. उजवीकडून." ती हसली. "तपासायला म्हणून सुरुवात केली. रात्री तू डाव्या कुशीवर झोपायला लागलास की वरच्या कानात हळूच काहीतरी बोलायचं. आधी तुझ्या घोरण्याबद्दल बोलले. मग तुझ्या नातेवाइकांबद्दल. बरंय ऐकलं नाहीस."

"एवढंच?"

"नाही. चांगलं पण बोलले थोडं. ऐकू जात नाही म्हटल्यावर माणसाला सुचतं काय काय."

"काय बोललीस?"

"आता काय आठवतंय," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिचा कान मात्र लाल झाला होता. पुढच्या बाकावरून सासरे वळले. ते मघापासून विचार करत होते आणि त्यांचा विचार पूर्ण झाला होता. "जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. उजव्यानं प्रदीर्घ सेवा केली. निवृत्ती सगळ्यांनाच असते. आता त्या पदावर डावा."

"बाबा, पण मला यंत्रातलं काही कळत नाही."

"उजवा पण सुरुवातीला असंच म्हणाला असेल," सासरे म्हणाले. "घरी चला, पाण्याची मोटर कण्हतेय. एकदा लावून बघा." मेहुणा मान हलवून म्हणाला, "खरंय भाऊजी, तुम्ही नुसतं सांगितलंत म्हणून तर आज आम्हाला ऐकू आलं." त्याची जागा गेली नव्हती. ती नुसती डोक्याच्या या बाजूवरून त्या बाजूला सरकली होती. त्याला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण तो ऐकत होता बसचं इंजिन, तिकिटाचं यंत्र, कुणाची तरी खोकल्याची उबळ, आणि या सगळ्याच्या मागे, जिथून काहीच येत नव्हतं त्या बाजूला, महिनोन्महिने कुजबुजलेलं काहीतरी साठून पडलेलं होतं. ते त्याच्याच डोक्याला टेकून, त्याच्याच नावानं बोललं गेलं होतं, आणि त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. बस वळणावर झुकली तेव्हा त्यानं डोकं उजवीकडे कलतं केलं, कानात गेलेलं पाणी काढतात तसं. मग मनातल्या मनात एक अर्ज लिहायला घेतला. कोणत्या खात्याकडे करायचा ते कळेना, म्हणून वरची जागा कोरी सोडली.

विषय: पोच न झालेल्या मजकुराबाबत. उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, अर्जदाराचा उजवा कान बंद असलेल्या कालावधीत त्यामध्ये अर्जदाराच्या पत्नीने वेळोवेळी केलेली सर्व निवेदने, घोरणे व नातेवाईक या सदरांखालील वगळून, आहेत त्या आवाजात आणि आहेत त्या शब्दांत, अर्जदाराच्या डाव्या कानाकडे विनाविलंब वर्ग करण्यात यावीत.